हूल, उलगुलान, भूमकाल : आदिवासी उठावांची शब्दसाक्ष

आदिवासींनी इंग्रजी अमलाविरुद्ध केलेल्या उठावांचा इतिहास ज्या कागदांवरून लिहिला जातो, ते कागद बहुतांशी उठाव मोडून काढणाऱ्यांचे आहेत. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांचे अहवाल, लष्करी तुकड्यांची पत्रे, पकडलेल्या पुढाऱ्यांच्या जबान्या, मिशनऱ्यांची टिपणे अशी ही सामग्री असून तिचे वाचन सावधपणे केले पाहिजे, हे आता सर्वमान्य झाले आहे. रणजित गुहा यांनी १९८३ साली शेतकरी उठावांच्या सरकारी गद्याची जी चिकित्सा केली, तिच्यात अहवालातील प्रत्येक निंदाव्यंजक शब्द उलटा करून वाचावा अशी दिशा दाखविली गेली. मात्र या चिकित्सेचा भर इंग्रजी शब्दांवर राहिला. उठाव करणाऱ्यांच्या स्वतःच्या भाषांतील जे थोडे शब्द आणि जी थोडी वाक्ये आपल्यापर्यंत पोहोचली आहेत, त्यांचे व्याकरण पुरेशा काळजीने पाहिले तर इतिहासाला काही निश्चित माहिती मिळू शकते. ही माहिती भाषाशास्त्राच्या कक्षेतील असल्यामुळे इतिहासकाराच्या नजरेतून ती सहज निसटते.

प्रथम संताळांचा हूल घेऊ. राजमहालच्या टेकड्यांभोवतीचा प्रदेश १८३२-३३ मध्ये सरकारने सीमा आखून वेगळा काढला आणि त्याला ‘दामिन-इ-कोह’ असे फारसी नाव दिले. डोंगराचा पदर, असा त्याचा अर्थ. जंगल तोडून जमीन लागवडीस आणण्यासाठी संताळांना तेथे वसविण्यात आले. १८३८ च्या सुमारास तेथील संताळांची संख्या तीन हजारांच्या आसपास होती. १८५१ पर्यंत ती ब्याऐंशी हजारांवर गेली. त्यांच्या मागोमाग सावकार आले, धान्याचे व्यापारी आले, आणि कर्जाच्या फेडीसाठी ऋणकोने सावकाराच्या शेतात राबावयाचे अशी ‘कमियोती’ची पद्धत रूढ झाली. ३० जून १८५५ रोजी भोगनाडीह या गावी सिदो, कान्हू, चाँद व भैरव या मुर्मू बंधूंच्या पुढाकाराने सुमारे दहा हजार संताळ जमले. निरोप म्हणून सालवृक्षाची डहाळी गावोगाव फिरविण्यात आली होती. आठवड्याभरात दरोगा महेश दत्त मारला गेला आणि उठाव पसरला. १० नोव्हेंबर १८५५ रोजी लष्करी कायदा पुकारावा लागला. त्याच वर्षाच्या सदतिसाव्या कायद्याने संताळ परगण्यांचा वेगळा जिल्हा निर्माण झाला. कान्हू यांना फेब्रुवारी १८५६ मध्ये फाशी देण्यात आली.

‘हूल’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानाला विचित्र फसवितो. मराठीत हूल दिली जाते ती चकविण्यासाठी, आणि हूल उठते ती खोट्या भीतीची. संताळी ‘हूल’ याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. तेथे तो सरळ उठाव या अर्थाचा शब्द आहे. तथापि मराठीतील काही लोकप्रिय पुस्तकांत ‘संताळांची हूल’ असा स्त्रीलिंगी प्रयोग आढळतो, तो याच भ्रमाचा परिणाम दिसतो. संताळीत नामांचा भेद स्त्री-पुरुष असा नसून सजीव-निर्जीव असा आहे. तेव्हा लिंग ठरविण्याचे काम मराठीचे आहे, आणि ‘उठाव’ या अर्थाला अनुसरून तो शब्द पुल्लिंगी योजणे अधिक इष्ट.

हूलच्या वेळी वापरले गेलेले इतर शब्द पाहिले म्हणजे एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. सिदो व कान्हू यांना ‘सुबा’ म्हणत. त्यांनी काढलेला आदेश हा ‘परवाना’ होता, आणि तो त्यांना ज्याच्याकडून मिळाला तो ‘ठाकूर’. सुभा, परवाना, ठाकूर हे तिन्ही शब्द बाहेरचे. पैकी पहिले दोन तर मोगली दफ्तरातून आलेले आणि मराठ्यांच्या दफ्तरांमुळे आपल्याही पूर्ण परिचयाचे. आपण लढत नसून स्वतः ठाकूरच लढणार आहे, असा त्या परवान्याचा आशय होता. या शब्दांवरून संताळांच्या राजकीय कल्पना उसन्या होत्या असा निष्कर्ष काही वेळा काढला जातो. तो घाईचा आहे. ज्या शब्दांनी सत्ता गाजविली जाते तेच शब्द हाती घेतल्याखेरीज सत्तेचे हस्तांतर जाहीर करता येत नाही. मोडी कागदांतील ‘राज्य’, ‘हुजूर’, ‘सनद’ या शब्दांची कुळे शोधून कोणी शिवकालीन स्वराज्याची कल्पना परकी ठरवीत नाही. संताळांना वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

संताळांच्या बाबतीत अभ्यासकाला एक भाग्य लाभले आहे. नॉर्वेजियन मिशनरी स्क्रेफ्सरूड यांनी कोलेआन नावाच्या वृद्ध गुरूकडून ऐकून संताळ परंपरेचा वृत्तान्त संताळी भाषेतच उतरवून घेतला व तो १८८७ साली छापला. पुढे बोडिंग यांचा पाच खंडांचा संताळी कोश १९२९ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाला. त्यामुळे हूलचे निदान काही संताळी कथन मूळ वाक्यरचनेत वाचता येते. एरवी पुढाऱ्याची जबानी संताळीतून दुभाष्याकडे, त्याच्याकडून कचेरीच्या बंगालीत वा हिंदुस्थानीत, आणि तेथून इंग्रजीत असा प्रवास करीत असे. आपण मराठीत तिचा अनुवाद करतो तो चौथा उंबरठा ओलांडून.

मुंडांच्या उलगुलानात हे उंबरठे किती महाग पडतात ते एका वाक्यावरून दाखविता येईल.

बिरसा मुंडा यांचा जन्म १८७५ सालचा. चाईबासा येथील जर्मन मिशनच्या शाळेत त्यांचे काही शिक्षण झाले. १८९५ मध्ये त्यांच्याभोवती अनुयायी जमू लागताच त्यांना अटक झाली व सुमारे दोन वर्षांचा कारावास भोगावा लागला. या सर्वांच्या मागे खूँटकट्टीचा प्रश्न होता. ज्या कुळाच्या पूर्वजांनी जंगल तोडून गाव वसविले त्या कुळाची त्या जमिनीवर सामायिक मालकी, अशी ही मुंडांची व्यवस्था; जमीनदार, ठेकेदार व न्यायालये यांनी ती पोखरली होती. सरदारांनी म्हणजे मुंडा पुढाऱ्यांनी १८५८ पासून अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने चालविलेली दीर्घ लढाई निष्फळ ठरली होती. १८९९ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येस उलगुलान सुरू झाला. ९ जानेवारी १९०० रोजी सैल रकाबच्या टेकडीवर गोळीबार झाला, फेब्रुवारीत बिरसा पकडले गेले आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. सरकारने कारण सांगितले ते पटकीचे. १९०८ चा छोटा नागपूर कूळकायदा हा या उठावाचा दूरचा परिणाम होय. उलगुलान म्हणजे प्रचंड खळबळ. मराठी ‘उलथापालथ’ शी त्याचे ध्वनिसाम्य आहे, पण ते केवळ योगायोगाचे.

या उठावाची घोषणा सर्वत्र उद्धृत केली जाते : ‘अबुआ राज एते जना, महारानी राज टुंडू जना’. तिचा प्रचलित अनुवाद असा असतो : ‘आमचे राज्य येवो, राणीचे राज्य संपो.’ इंग्रजीतून हा अनुवाद हिंदीत आला व हिंदीतून मराठीत. त्यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही चुका अर्थाच्या गाभ्याला भिडणाऱ्या आहेत.

पहिली क्रियापदाची. मुंडारीत ‘-जना’ हा अकर्मक क्रियेची पूर्णता दाखविणारा अंश आहे. ‘टुंडू’ म्हणजे संपणे. ‘टुंडू जना’ म्हणजे संपले. ‘एते’ म्हणजे आरंभ होणे. ‘एते जना’ म्हणजे सुरू झाले. घोषणेच्या दुसऱ्या एका प्रचलित पाठात ‘एते’ च्या जागी ‘सेटेर’ म्हणजे पोहोचणे हे क्रियापद येते, पण त्यापुढेही ‘जना’ च आहे. दोन्ही पाठांत आज्ञार्थ नाही आणि विध्यर्थही नाही. मुंडारीत इच्छा व्यक्त करण्याची रूपे नाहीत असे नव्हे. ती असूनही येथे योजिलेली नाहीत. अर्थात ही मागणी नव्हे, प्रार्थनाही नव्हे. राणीचे राज्य संपले आहे अशी ती वार्ता आहे. सरदारांनी चाळीस वर्षे जे अर्ज केले त्यांची भाषा ‘व्हावे’ ची होती. बिरसांच्या अनुयायांची भाषा ‘झाले’ ची आहे. सरदारांची लढाई आणि उलगुलान यांच्यातील फरक समजावून देण्यासाठी इतिहासकारांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. मुंडारी क्रियापदाचा एक प्रत्यय तोच फरक सांगतो.

दुसरी चूक सर्वनामाची. मुंडारीत प्रथमपुरुषी अनेकवचन दोन प्रकारचे आहे. ‘अले’ म्हणजे बोलणारे, ऐकणाऱ्याला वगळून. ‘अबू’ म्हणजे बोलणारे आणि ऐकणारेही. ‘अबुआ’ हे या दुसऱ्याचे षष्ठीचे रूप. इंग्रजीत हा भेद नाही. हिंदीतही तो सर्वनामात नियमाने दाखविला जात नाही. म्हणून ‘हमारा’ किंवा ‘अपना’ यांपैकी कोणताही शब्द घेतला तरी अर्थ निसटतोच. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद जिवंत आहे, आणि तो मराठीला द्राविडी भाषांच्या शेजारातून मिळाला असा विद्वानांचा तर्क आहे. ज्या थोड्या भाषांत ‘अबुआ राज’ चा तंतोतंत अनुवाद होऊ शकतो त्यांपैकी मराठी एक. आणि नेमके मराठीतच आपण इंग्रजीच्या मार्फत ‘आमचे राज्य’ असे लिहीत आलो आहोत. योग्य अनुवाद हा : ‘आपले राज्य सुरू झाले, महाराणीचे राज्य संपले.’

या दुरुस्तीचे ऐतिहासिक मोल असे. ‘आमचे राज्य’ हे वाक्य सरकारला उद्देशून असू शकते. ‘आपले राज्य’ असे असू शकत नाही. ती घोषणा ऐकणारा मुंडाच आहे, हे तिच्या सर्वनामातच गृहीत धरलेले आहे. मुंडा मुंडाशी बोलत आहे. साहेब तेथे श्रोता म्हणून हजरच नाही. उलटपक्षी साहेबाविषयी जे वाक्य सरदारांच्या तोंडी होते ते ‘साहेब साहेब एक टोपी’ हे. मिशनरी आणि अधिकारी दोघेही एकाच टोपीचे, असा त्याचा भाव. ते मुंडारीत नाही. बाजारहाटाच्या सामाईक बोलीत आहे. आतल्यांशी बोलण्याची भाषा आणि बाहेरच्यांविषयी बोलण्याची भाषा यांची वाटणी इतकी स्वच्छ क्वचितच दिसून येते.

‘दिकू’ हा शब्दही याच वाटणीतला. त्याचा अर्थ कोशांत ‘परका’ असा देतात, परंतु प्रत्येक परका दिकू नसे. लोहार, विणकर, गुराखी अशा ज्या बिगर-मुंडा जाती गावाच्या व्यवहारात सामावलेल्या होत्या, त्यांच्यावर उलगुलानाचा रोख नव्हता. दिकू म्हणजे जमीन किंवा तिचे उत्पन्न नेणारा. वंशवाचक वाटणारा हा शब्द वस्तुतः संबंधवाचक आहे.

बिरसा यांना ‘धरती आबा’ म्हणत. यातील ‘धरती’ आर्यभाषी, ‘आबा’ मुंडारी. अर्थ पृथ्वीचा पिता. मराठी माणसाला यात आपला ‘आबा’ ऐकू येतो. बापासाठी ओष्ठ्य वर्णांचे असे शब्द जगातील असंख्य भाषांत मुलांच्या बोबड्या उच्चारांतून तयार होतात. त्यावरून नात्याचे अनुमान करू नये. नाते आहे ते दुसरीकडे. संताळ स्वतःला ‘होड़’ म्हणवितात, मुंडा ‘होरो’, हो लोक ‘हो’, आणि आपल्या मेळघाटातील कोरकूंच्या नावातील ‘कोर’ हाही तोच शब्द. ‘-कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. सर्वांचा अर्थ एकच : माणूस. समाविष्ट व वगळलेले असे ‘आपण’ चे दोन प्रकार कोरकूतही आहेत. राजमहालपासून मेळघाटापर्यंतचे अंतर पाहिले म्हणजे या भाषाकुलाच्या प्राचीन विस्ताराची कल्पना येते. १८५४ साली मॅक्सम्यूलर यांनी या कुलाला मुंडा हे नाव दिले. १८६६ मध्ये कॅम्पबेल यांनी ‘कोलारी’ हे नाव पुढे आणले, ते मागे पडले हे बरेच झाले.

कारण ‘कोल’ हे बाहेरच्यांनी दिलेले नाव. १८३१-३२ च्या छोटा नागपूरमधील उठावास सरकारी दफ्तरात ‘कोलांचे बंड’ म्हटले गेले आणि तेच नाव पाठ्यपुस्तकांत रुळले. प्रत्यक्षात त्यात मुंडा व हो होते, तसेच उराँवही होते. उराँवांची कुडुख ही भाषा द्राविडी आहे. दोन भिन्न भाषाकुलांचे लोक एका उठावात एकत्र आले, ही त्यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट एका ढोबळ नावाखाली झाकली गेली.

बस्तरच्या १९१० च्या भूमकालात हीच गोष्ट उलट बाजूने उजेडात येते. दुष्काळाचे ओरखडे ताजे असताना १९०५ मध्ये बस्तरच्या जंगलाचा दोन तृतीयांश भाग राखीव करण्याचा प्रस्ताव आला. फिरती शेती, शिकार, वनोपज या सर्वांवर त्याचा आघात होणार होता. फेब्रुवारी १९१० मध्ये उठाव झाला. आंब्याची डहाळी, मिरच्या, मातीचे ढेकूळ आणि बाण यांचा निरोप गावोगाव फिरला. नेतानार गावचे गुंडाधूर हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध पुढारी. ते सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. गुंडाधूर धुरवा जमातीचे होते. धुरव्यांची भाषा परजी. बरो व भट्टाचार्य यांनी १९५३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केल्यापासून ती द्राविडी अभ्यासात सुप्रतिष्ठित आहे. उठावात माडिया-मुरियांसारखे गोंडी बोलणारेही होते. आणि तरीही उठावाचे नाव परजी नाही, गोंडीही नाही. ‘भूमकाल’ मधील ‘भूम’ उघडच आर्यभाषी आहे. भूकंप, धरणीचे हादरणे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. जगदलपूरच्या परिसरात या सर्व जमातींना एकमेकांशी बोलण्यासाठी जी भाषा होती ती हलबी. आणि या हलबीचा समावेश ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या १९०५ च्या सातव्या खंडात, म्हणजे मराठीच्या खंडात करण्यात आला होता. हे वर्गीकरण पुढे वादग्रस्त ठरले आणि ते योग्यच झाले. हलबीत मराठी, छत्तीसगढी व ओडिया यांचे मिश्रण आहे. तेव्हा मराठीभाषकांनी भूमकाल हा आपला शब्द म्हणून मिरवू नये. मात्र हूल व उलगुलान ही नावे एकेका जमातीच्या मातृभाषेतून आली, आणि भूमकाल हे नाव जमाती-जमातींना जोडणाऱ्या भाषेच्या वळणाचे आहे, हा फरक उठावाच्या घडणीतलाच फरक आहे.

गोदावरीच्या खोऱ्यातील रंपा येथे १८७९-८० मध्ये मनसबदाराच्या जुलुमामुळे व ताडीवरील करामुळे जो उठाव झाला त्यास ‘फितुरी’ म्हणत. १९२२ ते १९२४ या काळात अल्लूरी सीताराम राजू यांनी त्याच डोंगरांत चालविलेला लढाही फितुरी म्हणूनच ओळखला जातो. राजू स्वतः आदिवासी नव्हते; गंटम दोरा, मल्लू दोरा यांसारखे त्यांचे सहकारी डोंगरातले होते. फितुरी शब्द अरबीतून दख्खनी मार्गे तेलुगूत गेला. मराठीत त्याच मुळाचा शब्द आजही विश्वासघातासाठी राखून ठेवलेला आहे. फितुरी करणारा तो किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा. तेलुगूतही त्याला चहाडीचा एक अर्थ आहेच. राज्यकर्त्यांच्या शब्दकोशातून आलेले हे नाव डोंगरात सन्मानाचे झाले. आणि मराठीत त्याच उठावाचे वर्णन करताना ‘रंपाची फितुरी’ असे लिहिले तर वाचकाचा पूर्ण गैरसमज होईल.

महाराष्ट्रात शब्द होता ‘बंड’. अकोले भागातील महादेव कोळ्यांचे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सातपुड्यातील खाज्या नाईक १८५७ मध्ये उठले व १८५८ च्या एप्रिलात आंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी लढले. चांद्याचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी देण्यात आली. या सर्वांच्या हालचालींना दफ्तरात बंड म्हटले आहे, कधी नुसते दरोडे. महादेव कोळी मराठीच बोलत. त्यामुळे हुकूम देणाऱ्याचा आणि हुकूम मोडणाऱ्याचा शब्द येथे एकच आहे, आणि शब्दाच्या मुळावरून काही निष्पन्न होत नाही. येथे पाहावयाचे ते क्रियापद.

मराठी इतिहासलेखनात तात्या टोपे ‘लढले’, ‘पकडले गेले’. राघोजी भांगऱ्या मात्र ‘पळाला’, ‘सापडला’. १८८९ मध्ये जबलपूरला फाशी गेलेला तंट्या भिल्ल तर नेहमीच एकवचनी. ‘भांगऱ्या’, ‘तंट्या’ ही रूपे तुच्छतादर्शक असल्याचा आक्षेप घेतला जातो, पण दोष त्या अंत्य ‘-या’ चा नाही. तो ‘तात्या’ तही आहे. दोष क्रियापदाच्या वचनाचा आहे. इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नसल्यामुळे मूळ अहवालात हा भेदभाव असणे शक्यच नव्हते. तो मराठी अनुवादकांनी आपल्या पदरचा घातला.

वारल्यांच्या १९४५ च्या उठावापर्यंत येताना साधनांची स्थिती पालटलेली दिसते. किसान सभेच्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर यांनी त्याचा वृत्तान्त ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात १९७० मध्ये मराठीतच लिहिला, आणि त्यामुळे वारल्यांच्या तक्रारीचे शब्द अनुवादाचा उंबरठा न ओलांडता ग्रंथात आले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी काही वारली मारले गेले. ज्या शब्दांभोवती हा लढा उभा होता त्यांत ‘वेठ’ होता आणि ‘लग्नगडी’ होता. वेठ हा जुन्या दफ्तरांतला सर्वांच्या ओळखीचा शब्द. लग्नगडी हा सामासिक शब्द मात्र प्रथमदर्शनी निरुपद्रवी, किंबहुना आनंदाचा वाटतो. करवल्याचा किंवा नवरदेवाच्या सोबत्याचा अर्थ त्यातून सहज काढला जाईल. ‘गडी’ चा येथील अर्थ सोबती नसून चाकर असा आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेल्या थोड्याशा रकमेपायी जो वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबतो, आणि ज्याच्याबरोबर त्याची बायकोही राबते, तो लग्नगडी. संताळ परगण्यातील ‘कमिया’ आणि ठाणे जिल्ह्यातील हा ‘गडी’ यांच्यात भाषेचे कसलेच नाते नाही. कर्जखताचा मजकूर मात्र जवळजवळ एकच होता.